ओवाळणीचा रकाना

सावंतवाडीस मोती तलावापासून फर्लांगभर आत गेल्यावर उजव्या हाताला जे कौलारू घर लागते, त्याच्या पडवीत गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी ऐकलेले संभाषण मी येथे जवळजवळ जसेच्या तसे उतरवून काढीत आहे. ज्यांचे ते घर, त्यांना सारी आळी मामा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. वस्तुतः आम्ही दोघे एका वयाचे. मुंबईस फोर्टातील एका बँकेच्या परकीय चलन विभागात चौतीस वर्षे काढून मामा गावी परतले, तेव्हा मुंबईची घाई आणि मुंबईचा चहा या दोन्ही गोष्टी त्यांनी तेथेच टाकल्या. मात्र दस्तऐवजावरील श्रद्धा तेवढी गाठोड्यात बांधून आणली. घरात पेंढ्याची गाडी आली तरी तिची पावती कोठे आहे असे विचारणारा हा मनुष्य.

भाची त्यांच्या थोरल्या बहिणीची. आईवडिलांमागे एकुलती एक, आणि आता मामांच्याच घरी राहून गंजिफा रंगविणारी. मरणपंथाला लागलेली ही कला गेल्या शतकात सावंतवाडीच्या राजवाड्याने, विशेषतः सत्वशीलादेवी भोसले यांनी, उचलून धरली नसती तर या मुलीच्या हाती आज कुंचला आला नसता. चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटविलेल्या कागदांच्या वाटोळ्या चकत्या, त्यांवर रंग, रंगावर लाखेचा हात; दशावतारी जोडात प्रत्येक अवताराची बारा पाने, म्हणजे एकूण १२०. मी गेलो तेव्हा ती कूर्माची सत्ती रंगवीत होती, आणि सातांपैकी पाच कासवांच्या पाठीवर घरे पडली होती.

वादाचे मूळ असे. मामांचा मुलगा टोरांटोस असतो. भाचीला सख्खा भाऊ नसल्यामुळे लहानपणापासून भाऊबीजेला ती त्यालाच ओवाळते, आणि तो परदेशी गेल्यावर ओवाळणी तेथून येते. या वर्षी त्याच्या कचेरीतील एका गृहस्थाने गंजिफाचा एक जोड विकत घेतला. त्याची किंमत साडेतीनशे डॉलर आणि स्वतःची ओवाळणी दीडशे डॉलर, अशी मिळून पाचशे डॉलरांची रक्कम चिरंजिवांनी भ्रमणध्वनीवरील एका सेवेमार्फत एकदमच पाठविली, प्रकार म्हणून ‘व्यक्तिगत’ निवडला, आणि शेऱ्याच्या जागी मोठ्या प्रामाणिकपणाने ‘गंजिफा आणि ओवाळणी’ असे लिहिले. त्या सेवेचे नाव मी घेत नाही. तिने नऊ दिवस रक्कम अडकवून ठेवली, रक्कम मालाची असेल तर बीजक आणि भेटीची असेल तर नात्याचा पुरावा मागितला, आणि शेवटी आपली वर्तणावळ कापून घेऊन बाकीचे पैसे टोरांटोस परत धाडले.

“मला एवढेच सांगा, मामा,” भाची कुंचला न थांबविता म्हणाली, “दादाने मला पाठविलेले पैसे कशासाठी आहेत, हे विचारणारा हा तिऱ्हाईत कोण? आजी सांगायची, मुंबईहून गिरणीतल्या काकांची मनीऑर्डर यायची, पोस्टमन अंगठा घ्यायचा, पैसे मोजून द्यायचा आणि पाणी पिऊन निघून जायचा. हे कशासाठी पाठविले, असे त्याने एकदा तरी विचारले का?”

“नाही विचारले, कारण गिरणगाव आणि सावंतवाडी यांच्यामध्ये रुपयाचा रुपयाच राहतो,” मामा म्हणाले. “सरहद्द ओलांडली की दोन चलने झाली, आणि दोन चलने झाली की मध्ये देशाचा ताळेबंद आला. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक रकमेला बँक एक प्रयोजन-संकेत लावते. कुटुंबाच्या निर्वाहासाठी आली तर पी १३०१, भेट म्हणून आली तर पी १३०२, निर्यातीच्या मालाची आगाऊ किंमत असेल तर पी ०१०३. हे आकडे गोळा होत होत रिझर्व बँकेत जातात, आणि देशाने विकून किती मिळविले व नातेवाइकांनी प्रेमाने किती धाडले, हे त्यांवरून ठरते. तुझ्या दादाने दोन्ही एका पिशवीत भरली. पिशवी उघडून पाहणाऱ्यावर तू का रागावतेस?”

“माझ्या पाचशे डॉलरांनी देशाचा ताळेबंद चुकला असता?”

“तुझ्या एकटीच्या नव्हे.” मामांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, आणि ते पुसणे लांबले तेव्हा आता १९९१ येणार हे मी ओळखले. मामांच्या कोणत्याही वादात ते साल येतेच. “त्या वर्षी जून महिन्यात परकीय चलन इतके आटले होते की तीनएक आठवड्यांच्या आयातीला पुरेल एवढेच शिल्लक होते. जुलैमध्ये सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने विलायतेस गेले, ते तारण ठेवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडून कर्ज उचलण्यासाठी. आम्ही कारकून मंडळी त्या दिवसांत एकेका डॉलरच्या अर्जावर सही करताना वर पाहत नव्हतो. आज बाहेर गेलेल्या आपल्या माणसांकडून वर्षाला शंभर अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम येते, तीत आखातातल्या गवंड्याचे आणि नर्सबाईचे दोनशे-दोनशे असतात. ती रक्कम व्यापाराची की मायेची, हे देशाला ठाऊक नको?”

“ठाऊक असायला माझी हरकत नाही. पण कळेपर्यंत पैसा कोंडून ठेवायला आहे. आणि त्याहून खरी हरकत अशी, की तुमच्या या ताळेबंदाला दोनच खण आहेत.”

या ‘दोनच खण’ शब्दांनी मामांची कळी खुलली. कारण ज्या विषयावर ते तासन्‌तास बोलू शकतात तो विषय, म्हणजे हुंडी, आता आपल्या हाती आला असे त्यांना वाटले. हे वाटणे अर्धवट खरे होते, परंतु पुढील पाऊण घटका मी इतकी रमून ऐकली की तिचा गोषवारा दिल्यावाचून मला राहवत नाही. ते म्हणाले, आपल्या पेढ्यांनी पैसा दूरदेशी पाठविण्याचे जे शास्त्र रचले त्यात दोन नव्हे, कितीतरी खण होते. दाखविताक्षणी पैसे द्यावे लागत ती दर्शनी; ठरल्या दिवसांनी, ती मुदती; आणि या सर्वांत मोठी अकलेची ती शहाजोग. ही हुंडी हातात धरून कोणीही आला तर पैसे मिळत नसत. आणणारा ‘शाह’ असला पाहिजे, म्हणजे बाजारात ज्याची पत आहे असा सावकार. आणि तो तसा आहे याची चौकशी न करता पेढीने पैसे मोजले, तर नुकसानी पेढीच्या अंगावर. ग्राहकाची ओळख पटवा, त्याचे कागद रुजू करून घ्या, म्हणून जो लकडा आज प्रत्येक बँकेने आणि प्रत्येक सेवेने आपल्यामागे लावला आहे, त्याची पणजी ही हुंडी होय. इंग्रजांनी १८८१ साली चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला, तेव्हासुद्धा देशी भाषांतील हुंड्यांच्या वहिवाटीला त्यांनी त्या कायद्याच्या पहिल्याच कलमात अभय दिले. (विश्वासपात्र या अर्थाचा तो शब्द मराठीत येऊन साळसूदपणाचा आव आणणाऱ्यास लागू झाला. पेढीवरच्या चौकशीला कंटाळलेल्या कोणा मराठी माणसाने हा सूड उगविला असावा, असा आपला माझा तर्क.)

“आणि जोखमी हुंडी?” मामा पुढे म्हणाले. “माल गलबताने सुखरूप पोचला तर पैसे देय, बुडाला तर हुंडी रद्द. तुझ्या या ऑनलाइन सेवांत ‘वस्तू व सेवा’ म्हणून रक्कम पाठविली की घेणाऱ्याला संरक्षण मिळते, आणि ‘आप्त व मित्र’ म्हणून पाठविली की मिळत नाही, तो भेद आणखी कसला? पेपॅलचा नियम पाहा. व्यापारी रक्कम असेल आणि माल आला नाही, तर गिऱ्हाईकाला तक्रार करण्यास १८० दिवसांची मुदत आहे. मित्राला म्हणून दिली असेल तर मित्राशी भांड. त्या जोखमीची किंमत तुमच्याकडून घेतात.”

“घेतात खरी,” भाची म्हणाली. “परदेशी गिऱ्हाइकाकडून शंभर डॉलर आले की ४.४ टक्के आणि वर ठरावीक काही सेंट तेथेच जातात. मग डॉलरचे रुपये करताना दर त्यांचा. जुन्या भाषेत हुंडणावळ म्हणा, वर्तावळा म्हणा. आम्ही त्याला कातरी म्हणतो. म्हणूनच गिऱ्हाइके सुचवितात, आम्ही तुला मैत्रीण म्हणून पाठवितो, तुझे पैसे वाचतील.”

“आणि तू?”

“मी नाही म्हणते. प्रामाणिकपणामुळे म्हणते, असे समजू नका; तसे पैसे भारतात येतच नाहीत.”

हे तिचे म्हणणे शब्दशः खरे आहे, आणि त्यामागचा इतिहास तिने मामांपेक्षा अधिक चांगला सांगितला. २०१०च्या फेब्रुवारीत, रिझर्व बँकेने परवान्याचा प्रश्न काढल्यावर, पेपॅलने भारतातील व्यक्तिगत देवघेव थांबविली. त्याच वर्षी नोव्हेंबरात रिझर्व बँकेने परिपत्रक काढले, की अशा सेवांशी करार करून बँकांनी निर्यातीची रक्कम आणवावी, परंतु एका व्यवहारास ५०० डॉलरपर्यंतच. पुढच्या मार्चपासून खात्यात आलेल्या पैशांतून काही विकत घेण्याची सोयही गेली. आलेली रक्कम सात दिवसांच्या आत आपल्या बँकेत वळती करावयाची. मर्यादा २०११ साली ३,००० डॉलर झाली, २०१३ साली १०,००० डॉलर. २०१५ साली आयातीसाठी याच मार्गाने २,००० डॉलरपर्यंत पैसे धाडण्यास मुभा मिळाली. आणि ३१ ऑक्टोबर २०२३च्या परिपत्रकाने या सगळ्या मध्यस्थांना रिझर्व बँकेच्या थेट परवान्याखाली आणून मर्यादा एका नगाला २५ लाख रुपये अशी ठरविली. व्यक्तिगत रकमांना मात्र हे दार बंद ते बंदच. त्यांच्यासाठी बँक, नाही तर निराळी पैसे-हस्तांतरण योजना: एका वेळी २,५०० डॉलर, एका माणसाला वर्षातून ३० वेळा, तेही केवळ आत येणारे, आणि त्या दारातून व्यापाराला मज्जाव.

“आता मला सांगा,” ती म्हणाली, “जी मर्यादा तेरा वर्षांत पाचशे डॉलरांवरून पंचवीस लाख रुपयांवर न्यावी लागली, ती आरंभी विचारपूर्वक घातली होती असे मी कसे मानू? या जोडाला मला दोन-दोन महिने लागतात. मोठा जोड पाचशेला विकला तर माझी मजुरी निघत नव्हती. दोन बिले करा, तीन बिले करा, असे सल्ले आम्हा कारागिरांना त्या काळी सर्रास मिळत. ज्या नियमाने माणसे कागद फोडायला शिकतात, तो नियम कोणाचे रक्षण करतो?”

“खाजणाचे दार एकदम सताड उघडीत नाहीत, बाय. पाणी कोणत्या अंगाने किती चढते ते पाहून वीत-वीत उघडतात. तू १९७३च्या कायद्याखाली काम केले नाहीस म्हणून असे बोलतेस. त्या फेराखाली परकीय चलनातली चूक हा फौजदारी गुन्हा होता. विलायतेहून परतताना खिशात राहिलेल्या पौंडांपायी घाम फुटलेले सभ्य गृहस्थ मी माझ्या टेबलासमोर पाहिले आहेत. १ जून २०००पासून फेमा आला, आणि चुकीला दंड झाला. जबर, रकमेच्या तिपटीपर्यंत, पण दंड. बाहेर पैसे पाठवायचे तर २००४ साली माणशी २५,००० डॉलर होते, आज वर्षाला अडीच लाख डॉलर आहेत. तक्रार करायला जागा राहिली, हेच केवढे!”

मामांचे हे शेवटचे वाक्य मला पटले नाही, आणि ते त्यांनाही फारसे पटले नसावे. कारण लगेच त्यांनी विषय बदलून भाचीच्या रंगांकडे नेला, आणि तेथे ते अधिकच अडचणीत आले. तिचे काही रंग लंडनहून येतात. तिची तक्रार अशी, की इंग्लंडातले गिऱ्हाईक पौंडांत पैसे देते, ते पौंड रुपये होऊन सावंतवाडीस येतात, आणि त्याच आठवड्यात लंडनच्या दुकानदाराला द्यायला त्या रुपयांचे पुन्हा पौंड होतात. जाताना कातरी, येताना कातरी, आणि पौंड मात्र लंडनातून हललासुद्धा नाही. मामांनी सांगितले, की यासाठीच निर्यातदाराला परकीय चलनातले ईईएफसी खाते उघडता येते. “मी शाखेत गेले होते,” ती म्हणाली. “तेथल्या साहेबांनी मला उलाढाल विचारली, मी सांगितली, आणि त्यांनी चहा मागविला. खाते मागविले नाही.” मामा हसले, पण त्यांच्या हसण्यात आपल्या जुन्या खात्याविषयीची थोडी शरम होती, असे मला दिसले.

“बरे, ते राहू दे,” ते सावरून म्हणाले. “मूळ मुद्दा हा, की प्रश्न गैर नव्हता. माझ्या मुलाने उत्तर गोंधळाचे दिले. साडेतीनशे मालाचे, बीजक जोडून, व्यापारी मार्गाने. दीडशे भेटीचे, व्यक्तिगत मार्गाने. दोन रकमा, दोन दारे. चौतीस वर्षांत मी एकच गोष्ट पाहिली आहे: कागदावर खरे लिहिले की पैसा अडत नाही.”

“खरे लिहायचे?” भाचीने आता कुंचला खाली ठेवला. “मग खरे काय ते ठरवू. दादा माझा कोण?”

“कोण म्हणजे? भाऊ.”

“मामेभाऊ. प्राप्तिकर कायद्यात ‘नातेवाईक’ कोणाला म्हणावे याची यादी आहे, ती मी वाचली. सख्खा भाऊ त्यात आहे, नवऱ्याचा भाऊ आहे, आईचा भाऊ आहे. मामेभाऊ नाही, आतेभाऊ नाही, मावसभाऊ नाही, चुलतभाऊसुद्धा नाही. नातेवाइकाने कितीही दिले तरी कर नाही. यादीबाहेरच्यांनी मिळून वर्षाला ५०,००० रुपयांच्या वर दिले, तर सगळ्या रकमेवर कर. दीडशे डॉलरांना तो लागायचा नाही, हे मला कळते. पण उद्या त्याने मला कारखान्याला लाखभर रुपये दिले, तर कायद्याच्या दृष्टीने तो रस्त्यावरचा मनुष्य. लग्नात मिळालेल्या भेटीला सूट आहे, भाऊबीजेला नाही.”

मामा गप्प राहिले. ही यादी त्यांना ठाऊक नव्हती असे नाही. ती आपल्या पडवीवर अशी येऊन बसेल, याची कल्पना त्यांनी केली नव्हती.

“आणखी एक गंमत सांगू? तुम्ही मला दहा लाख द्या, एक पैसा कर नाही, कारण तुम्ही माझ्या आईचे भाऊ. मी तुम्हांला दहा लाख दिले, तर तुम्हांला सगळ्यांवर कर. कारण बहिणीची मुलगी तुमच्या यादीत येत नाही. मामा भाचीचा नातेवाईक आहे, भाची मामाची नाही. तुमच्या त्या शहाजोग हुंडीच्या पेढीवर बसलेल्या सावकाराने हे मानले असते?”

“दहा लाख कुठून आणणार आहेस?” मामांनी विचारले, पण त्या विचारण्यात नेहमीचा जोर नव्हता. थोड्या वेळाने ते म्हणाले, “यादी कोठेतरी संपवावी लागते. कोकणात नाती मोजायला बसले तर सरकारला कर कोणाकडूनच मिळायचा नाही.” हा युक्तिवाद वाईट नव्हता. काळा पैसा पांढरा करणाऱ्यांना दूरच्या भावांचा तोटा कधीच पडलेला नाही, आणि ‘भेट’ या शब्दाइतका सोयीचा बुरखा त्यांना दुसरा सापडावयाचा नाही. भाचीने ते नाकारले नाही. तिचे म्हणणे एवढेच होते, की चोर ज्या दारातून शिरतो ते दार बंद करताना घरातली माणसे बाहेर राहिली, तर ती बाहेर राहिली आहेत हे निदान कबूल तरी करावे.

तेवढ्यात टोरांटोहून फोन आला. तेथे नुकते उजाडले होते. मामांच्या तजविजीप्रमाणे चिरंजिवांनी जोडाचे साडेतीनशे डॉलर त्या गृहस्थाकडूनच, बीजकाबरहुकूम, व्यापारी खात्यावर परस्पर पाठविण्याची व्यवस्था केली होती. त्यात काही अडचण आली नव्हती. आता ओवाळणीचे दीडशे. भाचीने फोन पाटावर ठेवून आवाज मोठा केला.

“बाबा, प्रयोजन ‘भेट’ लिहिले. पुढे नात्याचा रकाना आहे. त्यात आई, वडील, नवरा-बायको, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, मित्र आणि इतर, एवढेच आहे. काय निवडू?”

मामांनी चष्मा कपाळावर चढविला. ‘भाऊ’ सांगावे तर ज्या कायद्याची बाजू त्यांनी दुपारभर लढविली त्याच्या यादीप्रमाणे ते खोटे. आणि उद्या कोणी पुरावा मागितला तर दोघांची आडनावे निराळी, आईवडिलांची नावे निराळी. ‘मित्र’ सांगावे तर पडवीवर बसलेली ही मुलगी. पलीकडे मुलगा वाट पाहत होता, त्याला कामावर निघायचे होते.

“‘इतर’ लिही,” मामा म्हणाले.

“ओवाळणी ‘इतर’ची, मामा?”

त्यांनी उत्तर दिले नाही. भाचीने फोन उचलून कानाला लावला, दादाशी त्याच्या थंडीविषयी आणि त्याच्या धाकट्याच्या दातांविषयी बोलली, आणि मग उरलेल्या दोन कासवांकडे वळली. मी निघालो तेव्हा मामा पडवीच्या टोकाला उभे राहून, प्राप्तिकराची ती यादी मराठीत कोठे छापलेली मिळेल का, म्हणून मला विचारीत होते.